चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरीची घडी एकटीने घालायची नाही, असा नियम आहे. तो फ्रेम करून भिंतीवर टांगलाय, आणि खाली सही आहे अशा एका साहेबाची, ज्याने जन्मात स्वतःच्या रुमालाची घडी घातली नसेल. पण नियम चुकीचा नाही, एवढं कबूल करायला हवं. चादर लांब असते. एकटी बाई घडी घालायला गेली की टोक जमिनीला टेकतं, आणि टेकलेली चादर पुन्हा धुवायला टाकावी लागते. म्हणून घड्या जोडीने. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर येते. दोन कोपरे एकीने धरायचे, दोन दुसरीने. मागे सरायचं, ताणायचं, एक झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा, पुन्हा ताण, पुन्हा झटका, मग एकमेकींकडे चालत जायचं आणि एकीने आपलं टोक दुसरीच्या हातात द्यायचं. दिवसाला एका जोडीने अशा चारशे चादरींच्या घड्या घालायच्या, उभ्याने.

खोलीत अशा पाच जोड्या. त्यांतली बघण्यासारखी जोडी एकच, लंबू आणि बारकीची. चौदा वर्षांपूर्वी कुठल्याशा सुपरवायझरने गंमत म्हणून सगळ्यात उंच बाईसमोर सगळ्यात ठेंगणी आणून उभी केली, आणि दोघींचं असं काही जमलं की कित्येक नवरा-बायकोंना हेवा वाटावा. लंबू किंचित वाकायची, बारकी टाचा उचलायची, आणि चादर मधोमध सरळ यायची. बारकी आता सेहेचाळीस वर्षांची, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई, तरी बारकीच. लंबू पन्नाशीची, तोंडाने फटकळ. तिचं सगळी खोली ऐकते. जुना मुकादम वर्षभरात निवृत्त होणार आणि त्याच्या जागी लंबूच बसणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

बारकीचं दुखणं सुरू झालं एका साध्या तापानंतर. ताप पाच दिवसांत गेला, अंगदुखी मात्र मुक्कामाला राहिली. आधी खांदे, मग मान, मग कंबर, मांड्या, तळपाय. आज इथे, उद्या तिथे, परवा सगळीकडे. आठ-आठ तास झोपून उठली तरी असं वाटायचं की कुणी तरी आपल्याला त्या धुलाईच्या मशीनमध्ये घालून फिरवलंय. पंख्याचा वारा बोचायचा. कपड्याची शिवण टोचायची. भांडं पडलं की आवाज कानात नव्हे, दाढेत घुसायचा. एकदा लेकीने मागून येऊन लाडाने गळ्यात हात टाकले, तर बारकी किंचाळली. पोरगी दोन पावलं मागे सरकली, आणि त्यानंतर तिने आईला मिठी मारायची सोडूनच दिली. या गोष्टीचा राग बारकीला आजही येतो, आणि तो लेकीवरचा नाही.

डोकंही दगा देऊ लागलं. साधे शब्द ऐन वेळी तोंडात येईनात. "ते दे गं, ते, जेवायला लागतं ते," असं म्हणत ती चमच्याकडे बोट दाखवायची. घरचे हसायचे, तीही हसायची. मग एकदा रोजच्या वळणावर, आपण इस्पितळाकडे चाललोय की घराकडे, हेच तिला क्षणभर कळेना. त्या दिवसापासून तिचं हसणं थांबलं.

इस्पितळात नोकरी म्हणजे डॉक्टर हाताशी, असा लोकांचा समज असतो. बारकी चार डॉक्टरांकडे गेली. पहिला म्हणाला, कॅल्शियम कमी असेल. दुसरा म्हणाला, वय झालं. तिसऱ्याने पेन बंद करून, आवाज हळू करून विचारलं, "घरी काही कुरबुर?" चौथ्याने व्यायाम करा म्हणून सांगितलं. "डॉक्टर, मी दिवसाला चारशे चादरी ताणते," बारकी म्हणाली, तर तो म्हणाला, "त्याला व्यायाम म्हणत नाहीत." आणि प्रत्येक वेळी रक्ताचा कागद तिच्यासमोर सरकवून, बक्षीस दिल्यासारखं तोंड करून सांगायचे, "सगळं नॉर्मल आहे बाई." टेबल उलटं करावंसं वाटायचं तिला. कागद नॉर्मल होता, ती नव्हती.

नवरा वाईट माणूस नव्हे. कुलपं दुरुस्त करायचं त्याचं दुकान. खोलून पाहिलं की बिघाड दिसतोच, असं मानणारा माणूस. सहा महिने तो बरोबर हिंडला, पाय चेपून दिले, आणि चेपल्याने तिला जास्तच दुखतं हे पाहून गोंधळला. मग दमला. "खोलून पाहिलं ना त्यांनी सगळं? काही नाही म्हणतात. मग आता मनातून काढून टाक," एवढंच म्हणू लागला. नणंद खालच्याच मजल्यावर राहते. तिचं म्हणणं सोपं होतं. "अंग कुणाचं दुखत नाही गं? आमचंही दुखतं. आम्ही बोलत नाही, एवढंच."

खरं तर या दुखण्याची सगळ्यात मोठी बदमाशी म्हणजे त्याचे चांगले दिवस. दहा-बारा दिवसांत एखादी सकाळ अशी उगवायची की अंग हलकं. मग बारकीला वाटायचं, गेलं वाटतं. ती अंगात आल्यासारखी कामाला लागायची, खिडक्या पुसायची, पडदे धुवायची, माळा आवरायची. पुढचे तीन दिवस त्याची वसुली व्हायची. नणंदेला दिसायची ती खिडक्या पुसणारी बारकी. अंथरुणावर पडलेली दिसली की म्हणायची, "परवा तर स्टुलावर चढली होतीस. सोयीनं दुखतं की काय तुझं?" हे वाक्य बारकीने कधी विसरायचं नाही असं ठरवलंय, आणि बाकी किती का विसरेना, ते ती विसरलेली नाही.

खरं काय ते फक्त लंबूला कळलं. तिने काही विचारलं नाही. एका सकाळी बारकीचे हात खांद्याच्या वर जाईनात, तेव्हा लंबूने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाडीच्या मागे जाऊन बस. मी बघते." गठ्ठे न्यायची लोखंडी गाडी माणसाएवढी उंच असते. तिच्या आड लंबूने एक बादली पालथी घातली, बारकीला तिच्यावर बसवलं. मग चादरीचे दोन कोपरे गाडीच्या दांड्याला चिमट्याने अडकवले, बाकीचे दोन स्वतः धरले आणि आपल्या लांब हातांच्या जोरावर एकटीने घडी घातली. टोक जमिनीला टेकलं नाही, असं ती छातीठोक सांगते. टेकल्याही असतील पाच-पंचवीस चादरी. त्या तिने गुपचूप परत धुवायला ढकलल्या.

हे दोन वर्षं चाललं. रोज नाही, वाईट दिवशी. बाकीच्या दिवशी बारकी दात दाबून समोर उभी राहायची. संध्याकाळी गठ्ठ्यांच्या चिठ्ठीवर दोघींच्या सह्या व्हायच्या आणि आकडा चारशेच्या खाली कधी गेला नाही. उलट गेल्या वर्षी दोघींना 'उत्तम जोडी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि त्यांचा फोटो जिन्याजवळ लागला. फोटोत दोघी हसतायत. चूक झाली ती हीच, आणि ती अंगमेहनत करणाऱ्या बायकाच करू जाणोत. दोघींनी मिळून दुखणं इतकं बेमालूम झाकलं की ते होतं याचा पुरावाच शिल्लक राहिला नाही.

मग इस्पितळात सांध्यांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, चष्मेवाल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी बारकीला अर्धा तास बोलू दिलं. याआधी कुणी पाच मिनिटंही दिली नव्हती. मग उठून त्यांनी तिच्या मानेशी, खांद्यावर, कोपराशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहिलं. फार नाही, आंबा पिकलाय का बघतो तेवढंच. बारकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची हाडं, स्नायू झिजलेले नाहीत. बिघाड आहे तो दुखण्याचा निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेत. अंग कुजबुजतं, आणि मेंदूला ते बोंबललेलं ऐकू येतं. म्हणून स्पर्श लागतो, आवाज लागतो, झोप लागून पुरी होत नाही, शब्द आठवत नाहीत. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे."

"मग रक्तात का येत नाही?"

"कारण रक्ताच्या कुठल्याच तपासणीत ते दिसत नाही. एक्स-रेतही नाही. बाकीचे आजार नाहीत ना, हे बघायला त्या तपासण्या करायच्या. दिसत नाही म्हणजे तुम्ही कल्पना करताय, असा अर्थ होत नाही."

"जाईल का?"

"पार जाईल असं खोटं सांगणार नाही. पण कमी करता येतं. झोपेसाठी गोळी देते. रोज चालायचं, पण पाच मिनिटांपासून सुरुवात. चांगला दिवस आला म्हणून उधळायचं नाही, अंगात जोर असला तरी थांबायचं. आणि ते झटके बंद करा. दिवसभर उभं राहणंही. बसून काम, आणि मधेमधे उठून चार पावलं फिरायची मुभा, एवढं मिळालं तर फरक पडेल. मी तसं पत्र देते."

बारकी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली. आजार आहे म्हणून आनंदाने रडायची पाळी यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. लाज तिने बाळगायची नाही, बाकीच्यांनी बाळगायची. लंबूला तिने नाव सांगितलं, तर लंबू म्हणाली, "फायब्रो... पुढचं तूच म्हण. एवढं लांब नाव आहे म्हणजे आजार खराच असणार."

योगायोगाने त्याच महिन्यात रफूच्या टेबलाची जागा रिकामी होत होती. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट तिथे शिवायला येतात. खिडकीजवळचं टेबल, पाठ असलेली खुर्ची, मशीन पायाचं नाही, विजेचं. हुद्दा तोच, पगार तोच. बारकीला शिवण येत होती. तिने डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडून अर्ज केला. आयुष्यात तिने इस्पितळाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

अर्जावर समिती बसली. वैद्यकीय अधिकारी, मेट्रन, कार्यालयातले हेडक्लार्क आणि आताचे सुपरवायझर. सुपरवायझरांच्या कॉलरला इतकी खळ असते की मान वळवायची तर त्यांना कमरेतून वळावं लागतं. बायका त्यांना खळसाहेब म्हणतात. बारकी पहाटे उठली, न्हाली, केस नीट बांधले, इस्त्रीचे कपडे घातले, एक दुखण्याची गोळी जास्त घेतली. डॉक्टरांपुढे नीटनेटकं जायचं, असं आईने लहानपणापासून शिकवलेलं.

"काय होतंय?" वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं.

"थोडं दुखतं," बारकी म्हणाली.

तिच्या जिभेला तेवढंच वळण होतं. आजवर कुणीही विचारलं की हेच उत्तर. दोन वर्षांचा नरक आणि दोन शब्द. आतून ती स्वतःलाच शिव्या घालत होती, पण पुढचं काही बाहेर येईना, कारण ऐन वेळी शब्दही पळालेले.

खळसाहेबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "साहेब, दोन वर्षांत यांची जोडी एकदाही चारशेच्या खाली नाही. आपणच सत्कार केलाय यांचा."

"चेहराही छान टवटवीत आहे," मेट्रन म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र दोन बोटांनी बाजूला सरकवलं. "तीस वर्षं मीही रुग्ण बघतोय बाई. काही सापडलं नाही की हल्ली हे नाव चिकटवतात. दुखणाऱ्या माणसाचं काम कमी होतं. तुमचं झालेलं नाही. चालतं ठेवा. सकारात्मक राहा."

बारकीने तोंड उघडलं. त्या चिठ्ठ्यांमागे लंबूचे हात होते. ते सांगितलं की दोन वर्षांच्या खोट्या सह्या बाहेर येणार, भिंतीवरचा नियम मोडलेला बाहेर येणार, आणि लंबूची मुकादमी जाणार. तिने तोंड मिटलं. अर्ज नामंजूर झाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू असा शेरा मारून.

खाली लंबू वाट बघत होती. सगळं ऐकल्यावर ती जी भडकली, ती समितीवर नाही, बारकीवर.

"थोडं? थोडं दुखतं म्हणालीस? अगं, गाडीमागे बादलीवर बसून ओठ चावतेस ते थोडं? माझे दोन्ही खांदे गेले तुझ्या थोड्यापायी."

"मग नको होतंस करायला. मी सांगितलं होतं का?"

"नाही, तू कशाला सांगशील. तू मरशील पण सांगणार नाहीस. मी जाते वर. मीच सांगते."

"पाऊल टाकलंस तर तुझं तोंड बघणार नाही," बारकी म्हणाली. "वीस वर्षं तू त्या मुकादमीची वाट बघतेयस. माझ्यासाठी घालवलीस तर मी कुठे तोंड लपवू?"

जिन्याकडे वळलेली लंबू परत फिरली. मग म्हणाली, "ठीक. वर जात नाही. पण चिमटे बंद. उद्यापासून तुझ्याने होईल तेवढंच. बघू देत सगळ्यांना."

दुसऱ्या दिवसापासून खोलीने जे पाहिलं ते तिथे कुणी पाहिलं नव्हतं. बारकी आठ-दहा चादरींच्या घड्या घालायची आणि थांबायची. सगळ्यांसमोर, खोलीच्या मधोमध, फरशीवर बसायची. आणि समोर लंबू आपले दोन कोपरे हातात धरून नुसती उभी. दुसरी चादर घ्यायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. बारकी उठली की पुढे. पहिल्या दिवशी एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी एकशे साठ. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. उघड्यावर दुखण्यापेक्षा गाडीमागे दुखणं बरं होतं, असं तिला शंभरदा वाटलं, आणि तसं वाटतं याचाही तिला संताप येत होता. बाकीच्या जोड्यांतल्या काही जणींनी पाणी आणून दिलं. काही जणी कुजबुजल्या की जागा मिळाली नाही म्हणून नाटक चाललंय. पाचव्या दिवशी वॉर्डांतून चादरींसाठी फोन यायला लागले, आणि सहाव्या दिवशी बारकीच्या हातात मेमो पडला, कामात हेतुपुरस्सर कुचराई केल्याबद्दल.

मेमोबरोबर खळसाहेबांनी तोडगाही दिला. टाईप केलेला कागद तयारच होता. 'माझ्याकडून कामात कुचराई झाली याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे मला झेपेल असे हलके काम द्यावे.' यावर सही केली की रफूची खुर्ची तिची. नाही केली, तर चौकशी आणि नोकरीवर गदा.

संध्याकाळी नवऱ्याने कागद वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "मग करून टाक की सही. खुर्चीच हवी होती ना तुला? असले कागद कोण वाचतंय?"

"मी वाचलाय," बारकी म्हणाली.

"अगं, शब्द आहेत नुसते."

"सोयीनं दुखतं, हेही शब्दच होते. मनातून काढून टाक, हेही शब्दच. दोन वर्षं सगळे मला तोंडाने आळशी म्हणतायत. आता ते मी माझ्या सहीने लिहून देऊ? उद्या त्याच खुर्चीवर बसेन, आणि येणारा-जाणारा म्हणेल, ही ती, कामचुकार म्हणून इथे बसवलेली."

नवऱ्याने कागदाची घडी घातली, वाकडीतिकडी, आणि ती तिच्यापुढे ठेवली. लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि आईच्या अंगाला न लागता तिच्या शेजारी बसली.

चौकशीसाठी समिती पुन्हा बसली. जोडी म्हणून दोघींनाही बोलावलं होतं. या वेळी बारकीने केस कसेतरी बांधले होते आणि जास्तीची गोळी घेतली नव्हती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि थोडं दुखत नाही. गेल्या खेपेला मी खोटं बोलले. मानेपासून टाचेपर्यंत दुखतं. आत्ता दुखतंय. तुमच्या या खुर्चीची कड मांडीला लागतेय, तीही दुखतेय. झोपून उठते तेव्हा झोपण्याआधी असते त्याहून जास्त दमलेली असते. माझ्या मुलीने मला हात लावायचं सोडलंय. मी कामाला कंटाळलेली नाही. मला काम करायचंय, बसून."

 वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं तर म्हणा. मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "हे सगळं खरं मानलं, तर या चारशे-चारशे घड्या कुणी घातल्या? का गेल्याच आठवड्यात दुखायला लागलं?"

बारकीकडे याचं उत्तर होतं आणि ती ते देणार नव्हती. तिने खाली मान घातली. हेडक्लार्कने पेनचं टोपण काढलं.

"मी घातल्या," लंबू म्हणाली.

"गप्प बस," बारकी म्हणाली.

"मी घातल्या. एकटीने. चिमट्यांनी गाडीला अडकवून. दोन वर्षं. त्या चिठ्ठ्या खोट्या आहेत, आणि त्यांच्यावर सही माझीही आहे. लिहून घ्या."

खळसाहेब कमरेतून वळले. नियम, स्वच्छता, विश्वासघात, असे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "बाई, तुम्ही मैत्रिणीला वाचवताय हे समजतं. पण दुखतं ते यांना. तुम्हाला कशावरून ठाऊक? तुम्हालाही फसवलं असेल."

लंबूला राग आला की ती ओरडते, हे सगळ्यांना माहीत. त्या दिवशी तिने आवाज चढवला नाही.

"साहेब, तुम्ही कधी कुणाबरोबर चादर धरलीये? ताणून धरली की समोरच्या बाईचा हात आपल्या हातात येतो. ती भांडून आलीये की उपाशी आलीये, सगळं चादरीतून कळतं. चौदा वर्षं हिचा हात असा माझ्या हातात आहे. मी झटका दिला की हिच्याकडून झटका यायचा. एक दिवस मी झटका दिला आणि तिकडून नुसती थरथर आली. डोळ्यांना दिसत नव्हती इतकी बारीक. चेहरा बघावा तर हसरा. त्या दिवसापासून ती थरथर रोज येते. बाई तोंडाने खोटं बोलेल, साहेब, हिने तर तुमच्यासमोरच थोडं दुखतं म्हणून खोटं सांगितलं. पण कुणाच्या डोळ्यांना दिसतही नाही, अशा थरथरीचं सोंग कोण कशाला आणेल? तुमच्या रक्ताच्या कागदात ती आली नसेल. माझ्या हातात आलीये."

 मेट्रन स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते बाजूला सरकवलेलं पत्र पुन्हा जवळ घेतलं आणि या वेळी ते वाचलं.

आठवड्याने दोन कागद आले. एकावर आजाराचं ते लांबलचक नाव नीट लिहून बारकीची बदली रफूच्या टेबलावर. दुसऱ्यावर लंबूला सक्त ताकीद, आणि पुढची तीन वर्षं बढतीसाठी विचार नाही. दोन्हींवर एकच तारीख, एकच सही.

बारकी तडक घडीच्या खोलीत गेली. "मला नकोय ती खुर्ची. आत्ताच्या आत्ता परत देऊन येते. कुणी सांगितलं होतं तुला?"

लंबूसमोर नवी जोडीदारीण होती, दंडाने भरलेली, तरणीताठी. लंबूने चादर तिच्या हातात दिली आणि बारकीकडे वळली. "परत देशील तर माझी मुकादमी फुकट गेली. मग मात्र मी खरंच तुझं तोंड बघणार नाही. जा, बस."

"लंबू..."

"बस म्हटलं ना."

बारकी जाऊन बसली. पाठीला टेकू मिळाला. पाय जमिनीवर नीट टेकले. पहिली फाटकी चादर तिने मशीनखाली सरकवली, थोडी शिवली, उठून खिडकीपर्यंत चार पावलं टाकली, परत येऊन बसली. दुखणं गेलं नव्हतं. मानेत होतं, पोटऱ्यांत होतं, होतं तिथेच होतं. पण तासाभराने तिच्या लक्षात आलं की पुढच्या झटक्याच्या धास्तीने आपण श्वास रोखून धरलेला नाही. अशी सकाळ तिला दोन वर्षांत मिळाली नव्हती. तिने मशीन बंद केलं, आणि तिला रडू फुटलं ते संतापाने. चार डॉक्टर, समितीच्या दोन बैठका, एक मेमो, आणि एका बाईने वीस वर्षं वाट बघितलेली मुकादमी खर्ची पडली होती, आणि तिला लागत काय होतं, तर बसायला एक खुर्ची.